मावशींनी माती भरली आणि पंचनामा अडला

सप्टेंबरच्या पुरातली एक केस अजून डोक्यातून जात नाही म्हणून लिहितेय. मी कृषी सहाय्यक, राहायला सोलापुरात, कामाची गावं सीनेकाठची. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही.

२०२५ च्या सप्टेंबरात सीनेला काय पाणी आलं ते सोलापूरवाल्यांना सांगायला नको, लांबोटीच्या पुलावर पुणे हायवे बंद पडला तेव्हा शहरातल्या लोकांना कळलं की नदी किती चढलीय, पण काठच्या रानांत तोवर सगळं होऊन गेलेलं. पाणी ओसरलं तसे संयुक्त पंचनामे सुरू झाले. तलाठी, ग्रामसेवक आणि आम्ही, तिघांनी मिळून गटागटात जायचं, बाधित क्षेत्र लिहायचं, लोकेशनसकट फोटो काढायचा, पंचांच्या सह्या घ्यायच्या. बाहेरच्यांना वाटतं नुकसान म्हणजे नुकसान. तसं नसतं. जिरायत पीक गेलं तर तेव्हाच्या निकषात हेक्टरी ८,५०० रुपये, रानात तीन इंचापेक्षा जास्त गाळ साचला तर तो काढायला १८ हजार आणि जमीनच खरडून गेली तर ४७ हजार. म्हणजे आपण कुठल्या रकान्यात लिहितो त्यावर माणसाचं पुढचं वर्ष ठरतं.

तर त्या दिवशी, दसरा होऊन गेलेला, एका मावशींच्या रानात पोचलो. पाऊण एकर, नदीला लागून. यादीत नाव "खरडून गेलेली जमीन" म्हणून आणि समोर बघतो तर रान सपाट, काळं, वर फळी मारलेली, आणि मावशी बांधावर बियाण्याचा स्टीलचा डबा घेऊन उभ्या. भाऊसाहेब, म्हणजे आमचे तलाठी, माझ्याकडे बघायला लागले. फोटोत काय दाखवायचं? खरडलेलं काहीच दिसत नव्हतं.

मावशी म्हणाल्या, "मॅडम, तुमची वाट बगून बसले असते तर पेरणी गेली असती की. ज्वारी काय थांबतीय व्हय?"

खोटं नव्हतं त्यात काही. रब्बी ज्वारीची पेरणी १५ ऑक्टोबरपर्यंत उरकावी असं आम्हीच गावोगाव सांगत फिरतो. त्यांनी केलं काय, तर वरच्या अंगाला शेजाऱ्याच्या रानात फूटभर गाळ साचलेला, त्याला तो नको होता, यांना माती हवी होती, मग पोराला आणि भावकीला धरून ट्रॉलीनं तो गाळ आपल्या मुरमावर आणून टाकला. ट्रॅक्टरवाल्यानं डिझेलपुरतेच पैसे घेतले. मला ते बघून भरून आलं, आणि त्याच वेळी लक्षात आलं की दोघांचंही कागदावरचं नुकसान त्या एकाच ट्रॉलीत वाहून गेलंय.

भाऊसाहेब माणूस सरळ आहे, पण त्यांच्याकडे गावं जास्त आणि वरून रोज "किती झाले, किती राहिले" चे फोन. ते म्हणाले, मॅडम, पीक नुकसानीत घाला आणि पुढं चला. म्हणजे ३० आरचे, त्या पाऊण एकराचे, २,५५० रुपये. खरडलेली धरली तर १४,१००. मी म्हटलं, मला अर्धा तास द्या.

हे काम मला येतं आणि ते नीट करायला मला आवडतं, म्हणून सविस्तर सांगते. खोरं मागून घेतलं आणि रानात तीन ठिकाणी खड्डे काढले. जुनी जमीन असली की काळी माती खाली हळूहळू फिकी होत जाते, चुनखडी लागते, मग मुरूम, आणि मधे जुन्या पिकाच्या मुळ्या असतातच. इथं वर वीतभर भुसभुशीत गाळ, त्यात उसाचं पाचट आणि शिंपल्यांचे तुकडे, आणि त्याच्या खाली एकदम पाण्यानं घासलेला मुरूम. मधली माती गायब, मूळ एक नाही. शेजारच्या गटात सोयाबीनचे बुडखे ओळीनं उभे, यांच्या रानात एकही बुडखा नाही. बांधावरच्या लिंबाच्या मुळ्या हातभर उघड्या पडलेल्या, म्हणजे माती कुठवर होती ते झाडच सांगत होतं. टेप लावून सगळ्याचे फोटो घेतले, पंचांसमोर मापं लिहिली आणि "खरडून गेलेली, शेतकऱ्याने स्वखर्चाने माती भरली" असं लिहून सही केली. भाऊसाहेबांनीही केली, कुरकुर न करता.

मग डब्यातलं बियाणं बघितलं. मालदांडी ज्वारी, घरची, पुरात माळ्यावर ठेवून वाचवलेली. तिला निदान मध्यम जमीन लागते, वीतभर गाळावर ती ऐन दाणे भरताना मान टाकणार. हलक्या रानासाठी फुले अनुराधा हे वाण घ्या म्हटलं, आणि गाळात जीव नसतो, शेणखत पसरा. मावशींनी डबा बंद केला. "मग ही फुडल्या साली," म्हणाल्या. पुढच्या साली! ज्या बाईचं रान गेल्या आठवड्यात नदीत गेलंय ती पुढच्या सालचं बियाणं बाजूला काढतीय.

त्यांचा पोरगा सांगत होता, एक कॅमेरावाले येऊन गेले, पण आई रडेना म्हणून शेजारच्या वस्तीवर गेले. मला राग आला, पण आमचा फॉर्म तरी वेगळं काय करतो? पडलेला माणूस त्यात बसतो, उठलेला बसत नाही. चार दिवसांनी केस शेरा मारून परत आली, "फोटोत नुकसान दिसून येत नाही". मी खड्ड्यांचे फोटो वर लावून, शेजारच्या गटाची माती आणि लिंबाच्या मुळ्यांची मापं जोडून परत पाठवली. ती मान्य होईल की नाही ते हे लिहिताना तरी ठरलेलं नाही.

त्याच दिवशी परतताना एका पोरानं गाडी थांबवली आणि विचारलं, "मॅडम, माती भरू का थांबू?" हा प्रश्न माझ्या मनाला फार लागला. ज्याच्या अंगात उठायची ताकद आहे त्यानं आमच्यासाठी बसून राहायचं? मी त्याला तिथंच सांगितलं आणि तेव्हापासून सगळ्यांना सांगतेय, थांबू नका. फक्त पहिली ट्रॉली टाकायच्या आधी चारी कोपऱ्यांतून फोटो काढा, त्यात विहीर, डांब, झाड असं न हलणारं काहीतरी येऊ द्या, लोकेशन चालू ठेवा, खरडलेल्या जागी टेप किंवा काठी उभी करून खोली दाखवा, डिझेलच्या पावत्या ठेवा. आणि एक कोपरा तसाच सोडा, एखादा गुंठा, पंचनामा होईपर्यंत.

फॉर्ममध्ये "शेतकऱ्याने स्वतः केलेली दुरुस्ती व खर्च" असा रकाना नाही. तो यावा म्हणून मी मीटिंगमध्ये बोललेय, पुढंही बोलणार. तोवर प्रत्येक पंचनाम्यात शेऱ्याच्या जागी मी ते हातानं लिहितेय.