सहाशे वॅटवर अडलेला इन्व्हर्टर

गोराईच्या रो-हाऊसमधल्या काकांचा फोन आला, तेव्हा मी मनातल्या मनात निदान करून मोकळा झालो होतो: सोलर पॅनलवर धूळ. एप्रिल महिना, शेजारी बांधकाम. ३ किलोवॅटची सिस्टिम, दिवसाला बारा युनिट सहज देणारी, मंगळवारपासून पाचावर आली होती. मंगळवारपासून हे नक्की, कारण काका रोज संध्याकाळी वहीत युनिट टिपतात.

गच्चीवर गेलो तर पॅनल लख्ख, काकूंनी धुतलेले. दुपारचा एक, ढगाचा मागमूस नाही, आणि पॅनलची डीसी वीज घरात चालेल अशी एसी करणाऱ्या डब्याच्या, म्हणजे इन्व्हर्टरच्या, स्क्रीनवर ६०० वॅट. पाच मिनिटं बघत राहिलो. आकडा हलेना. उन्हावर चालणारा आकडा सतत चुळबुळतो, असा खिळा ठोकल्यासारखा बसत नाही. मीटर लावला. डीसी व्होल्टेज नेहमीपेक्षा चढं, करंट अगदीच कमी. धुळीने करंट पडतो, पण व्होल्टेज चढत नाही. म्हणजे पॅनल द्यायला तयार होते, इन्व्हर्टरच घेत नव्हता. सेटिंग उघडलं: पॉवर लिमिट २० टक्के. तीन किलोवॅटचे वीस टक्के, म्हणजे नेमके सहाशे वॅट.

"काका, हे तुम्ही केलंत?"

"अहो, मला त्या डब्याचा फक्त मेन स्विच माहीत आहे."

इन्व्हर्टरच्या बुडाशी वाय-फायचं डोंगल असतं, इंटरनेटला जोडणारी छोटी डबी. त्यातून आकडे कंपनीच्या सर्व्हरवर जातात हे गिऱ्हाइकाला सांगतात; त्याच वाटेने हुकूमही येतात हे कोणी सांगत नाही. काकांच्या मोबाइलवर नुसतं बघायचं खातं होतं. मालकीचं खातं सिस्टिम बसवणाऱ्याचं, आणि त्याने तर धंदा गुंडाळलेला. फोनाफोनी करून त्याच्याकडचा जुना मुलगा सापडला, नाशिकला. दुसरीकडे नोकरीला लागून वर्ष झालं, पण पासवर्ड तोच चालू.

"सॉरी दादा, लिमिट दुसऱ्या साइटला लावायची होती. यादीत एकाच आडनावाचे दोघं आहेत."

त्याने तिकडे बोट लावलं आणि आमच्या डोळ्यांदेखत आकडा २,३०० वर गेला. काका खूश. माझ्या पोटात मात्र गोळा आला.

"पोरगा सरळ निघाला," काका म्हणाले. "वाकडा असता तर? ऑक्टोबर २०२० ला मुंबईची वीज गेली, ते असंच काही होतं का?"

त्याला कोणी सायबर हल्ला म्हटलं, केंद्राने मानवी चूक म्हटली. मी काय सांगणार? एक घर बंद पडलं तर ग्रिडला, म्हणजे विजेच्या मोठ्या जाळ्याला, पत्ताही लागत नाही. हजारो घरं एकाच क्षणी बंद-चालू झाली, तर त्या जाळ्याची ५० हर्ट्झची ठरलेली फ्रिक्वेन्सी सांभाळणाऱ्यांची पळापळ होईल. काही वर्षांपूर्वी नेदरलँड्समधल्या एका संशोधकाला अशाच एका मॉनिटरिंग कंपनीच्या सर्वांत वरच्या खात्याचा पासवर्ड इंटरनेटवर उघड्यावर सापडला होता. हे काकांना ऐटीत सांगून झालं आणि आठवलं: माझ्या खात्यात १४० साइट, म्हणजे गिऱ्हाइकांच्या १४० सिस्टिम आहेत. पासवर्ड, दुकानाचं नाव आणि १२३. सोडून गेलेल्या तिन्ही पोरांना तो पाठ आहे.

"हे डोंगल काढलं तर वीज बंद होईल?" काकांनी विचारलं.

"नाही. फक्त मोबाइलवर आकडे दिसणार नाहीत."

काकांनी वही उचलून दाखवली. डोंगल आता त्यांच्या शोकेसमध्ये आहे.

बोरिवली स्टेशनवर बाकावर बसून मी पासवर्ड बदलायला घेतला. चर्चगेटच्या दोन गाड्या सोडल्या.