जुन्या ३०० एमएमला जोडीदार मिळाला

पक्ष्यांच्या फोटोंसाठी घेतलेल्या जुन्या ३०० एमएम लेन्सला अखेर बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) ठरली. निकॉन डी ७२००, सेकंडहँड. शोधात तीन महिने गेले, पण घाई केली नाही ते बरंच झालं.

माझ्याकडे लेन्स आधी आली आणि कॅमेरा नंतर. तालुक्याच्या गावी लग्नाचे फोटो काढणारे एक काका धंदा आवरत होते, त्यांच्याकडून निकॉनची एएफ (ऑटोफोकस, आपोआप फोकस होणारी) ३०० एमएम एफ/४ घेतली. डिझाइन १९८७ सालचं, काच अजून निर्मळ. आमच्या धानपट्ट्यात पावसाळाभर हवा दमट, लेन्सला बुरशी धरायला वेळ लागत नाही, म्हणून आधी टॉर्च मारून तेच पाहिलं.

मग नागपूर गाठलं. एका दुकानात डी ५६०० दाखवला. हलका, स्क्रीन फिरणारा, हातात छान बसला. दुकानदार म्हणाले, "भाऊ, निकॉनची कोणतीही लेन्स चालते याला, बिनधास्त न्या." लेन्स पिशवीतच होती. लावली, बटण अर्धं दाबलं, काही हललंच नाही. हातानं फोकस केलं तर फोटो निघत होता, पण उडत्या पक्ष्यामागे हातानं कुठवर धावणार?

बॉडी घेताना माउंटच्या, म्हणजे लेन्स बसते त्या, कड्यात नीट बघा. पेचकसाच्या टोकासारखा एक बारीक दांडा तिथे दिसला पाहिजे. जुन्या एएफ लेन्समध्ये मोटर नसते. बॉडीतली मोटर हा दांडा फिरवते, तो लेन्सच्या मागच्या खाचेत बसतो आणि फोकस हलतो. डी ३५००, डी ५६०० मध्ये तो नाही, डी ७२०० मध्ये आहे. एएफ-एस आणि एएफ-पी लेन्सना स्वतःची मोटर असते, त्यांना याची गरज नाही. मिररलेसचाही (आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्याचाही) विचार केला होता, पण निकॉनच्या झेड मिररलेसवर जुन्या लेन्स बसवणारा एफटीझेड अडॅप्टर लावूनसुद्धा माझी लेन्स आपोआप फोकस करत नाही. तो रस्ता बंद झाला.

ज्यांच्याकडे अजून काहीच नाही, त्यांनी कॅनन २००डी बॉडी आणि ५५-२५० एसटीएम लेन्स घ्यावी असं माझं मत आहे. कॅननच्या ईएफ लेन्समध्ये मोटर असतेच, त्यामुळे हा घोळ होत नाही. वजनही कमी.

माझी बॉडी ३४ हजारांत मिळाली. जेपीईजी फोटोच्या फाइलमधल्या माहितीत शटर काउंट (शटर आजवर किती वेळा उडालं तो आकडा) निघाला ४१ हजार; या शटरची चाचणी दीड लाखाची आहे. सेन्सरवरची धूळ बघायला एफ/२२ वर, म्हणजे लेन्सचं छिद्र अगदी बारीक करून, आभाळाचा फोटो काढला, तीन डाग दिसले. ब्लोअरनं दोन गेले, एक कोपऱ्यात राहिला.

पहिल्या सकाळी बोडीच्या (छोट्या तळ्याच्या) पाळीवर तूस भरलेली पिशवी ठेवली, तिच्यावर लेन्स टेकवली. पलीकडच्या बांधीत (धानाच्या वाफ्यात) सारसांची जोडी चरत होती. ढगाळ उजेड, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १६००, छिद्र एफ/५.६, शटर १/८०० सेकंद. घरी येऊन मोठं करून पाहिलं तर मागच्या धुऱ्यावरचं (बांधावरचं) गवत पातं न् पातं मोजता येईल असं, आणि सारसाचं लाल डोकं मात्र अस्पष्ट. सत्तरच्या सत्तर फोटोंत तेच! मन खट्टू झालं. लेन्सला दोष द्यायच्या आधी खताच्या पोत्यावरची अक्षरं तिरकी धरून चाचणी घेतली. फोकस सरळ मागे पडत होता. एएफ फाइन ट्यून, म्हणजे फोकस थोडा पुढे-मागे सरकवायची कॅमेऱ्यातली सोय, उणे ६ वर नेलं आणि अक्षर लख्ख उमटलं. ही सोय डी ५६०० मध्ये नाही, हे मला तेव्हा कळलं.

धानाची रोवणी आटोपत आली आहे, सारस आता घरटं बांधतील. घरट्याजवळ मी जाणार नाही, पाळीवरूनच बघणार. माझ्या बॉडीतल्या डीएक्स (लहान आकाराच्या) सेन्सरवर ३०० एमएमची चौकट ४५० एमएम एवढी मिळते, तेवढ्यात जोडी अख्खी मावते. तोवर बगळ्यांवर हात बसवतो आहे. काल उडत्या बगळ्याचे लागोपाठ चार फोटो डोळ्यावर धारदार आले.