जीव घाबरतोय

शनिवार, दुपारचे अडीच

सकाळी आठला फायर स्टेशनवरची ड्यूटी सुटली. घरी आले, आंघोळ केली, तासभर आडवी झाले, पण डोळा लागला नाही. मग वही घेतली. गुरुवारी सकाळी आठ ते आज सकाळी आठ, सलग ४८ तास झाले. आता ९६ तास सुट्टी आहे, झोप काय, उद्याही काढता येईल.

या दोन दिवसांत एकोणीस वर्द्या, म्हणजे मदतीला बोलावणारे फोन, झाल्या. आगीची त्यातली एकच. बाकी बाथरूममध्ये पडलेले दोन आजोबा, फ्रीवेवर एकमेकींवर आदळलेल्या गाड्या, साखर उतरून स्वयंपाकघरात बेशुद्ध पडलेला एक माणूस, दमा, फिट, आणि घाबरून तिसऱ्यांदा फोन केलेली एक बाळंतीण. लोकांना वाटतं फायर स्टेशन म्हणजे आग. कॅलिफोर्नियातल्या बे एरियातल्या आमच्या या गावात वर्षाचा हिशेब काढला, तरी आजारपणाच्या वर्द्याच जास्त भरतात.

वर्दी हा शब्द बाबांचा. इथे सगळे 'कॉल' म्हणतात, मी मनातल्या मनात वर्दीच म्हणते. कृष्णाकाठच्या आमच्या गावी बाबा नगरपालिकेच्या अग्निशमन दलात होते. फायरमन म्हणून लागले, तांडेल होऊन निवृत्त झाले. २००५ च्या महापुरात ते नऊ दिवस घरी आले नव्हते, बोटीवर होते. 'वर्दी आली' म्हटलं की ते ताटावरून उठायचे आणि आई त्या ताटावर दुसरं ताट झाकून ठेवायची. इथे माझं ताट मी स्वतःच झाकते. गुरुवारी ते तीनदा झाकलं.

बाबांना माझी नोकरी समजायला बरेच दिवस लागले. फायरमन की कंपाउंडर, एक काय ते सांग, असं विचारायचे. त्यांना सांगितलं, दोन्ही. आमच्या बंबावर तिघे असतात: कॅप्टन, इंजिनिअर म्हणजे तुमचा यंत्रचालक, आणि मी. मी फायरफायटर आणि पॅरामेडिक, म्हणजे जागेवरच उपचार सुरू करणारी. बंबावर एका कप्प्यात होज आणि कटर, दुसऱ्या कप्प्यात हृदयाचा मॉनिटर, ऑक्सिजन आणि औषधांची पेटी. रुग्णवाहिका दुसऱ्या कंपनीची असते, ती मागून येते. तिच्याआधी बहुतेक वेळा आम्हीच पोचतो, कारण फायर स्टेशनं गावभर पसरलेली असतात आणि तिथे चोवीस तास माणसं तयार असतात. त्यांनाच उपचार शिकवले तर, असा विचार इथे १९६० च्या दशकाच्या शेवटी झाला. तोवर अमेरिकेत कितीतरी गावांत रुग्णवाहिका चालवायचे अंत्यसंस्कार करणारे, कारण माणूस आडवा मावेल अशी गाडी त्यांच्याकडेच असायची. १९७० साली कॅलिफोर्नियात कायदा झाला, त्यावर सही केली तेव्हाचे गव्हर्नर रेगन यांनी. त्या कायद्याने पॅरामेडिकला डॉक्टर समोर नसताना इंजेक्शन द्यायची मुभा मिळाली. सुरुवात लॉस एंजेलिस काउंटीत झाली.

हे सगळं ऐकून बाबा म्हणाले होते, "आम्ही माणूस बाहेर काढायचो, रिक्षात नाहीतर टेम्पोत घालायचो. पुढं त्याचं काय झालं, कधीच कळलं नाही." ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. महाराष्ट्रात १०८ ची रुग्णवाहिका आली २०१४ साली, तोवर बाबा निवृत्त झाले होते. तिच्यात डॉक्टर असतो हे त्यांना फार आवडतं. इथल्या रुग्णवाहिकेत डॉक्टर नसतो, पॅरामेडिक असतो. म्हणून शिकायला लागतं ते हजारापेक्षा जास्त तास, आणि दर दोन वर्षांनी परवान्यासाठी ४८ तास पुन्हा वर्गात. धाकटी तीन वर्षांची असताना मी तो कोर्स केला. इसीजीच्या पट्ट्या फ्रिजवर चिकटवलेल्या असायच्या, दूध काढता काढता वाचायचे.

आता गुरुवारची ती वर्दी लिहून काढते, नाहीतर झोप यायची नाही.

संध्याकाळी सव्वासात वाजता. पडद्यावर आलं: स्त्री, वय ७१, अँग्झायटी, कोड २. कोड २ म्हणजे सायरन नाही, दिवे नाहीत, सिग्नल पाळत जायचं. तसेच गेलो. दारात चपलांचा ढीग, उंबऱ्यावर रांगोळीचं स्टिकर, आत गणपतीसमोर समई. पंधरा-सोळा वर्षांचा नातू दार उघडून इंग्रजीत म्हणाला, "आजी खूप घाबरलीय. कशाला ते सांगत नाही. आईबाबा ट्रॅफिकमध्ये अडकलेत." फोनवर डिस्पॅचने, म्हणजे वर्दी घेणाऱ्या कक्षाने, त्याला विचारलं होतं, छातीत दुखतंय का? त्याने आजींना विचारलं. आजी म्हणाल्या, दुखत नाही. त्याने तसंच सांगितलं. पोराने काहीही चुकीचं सांगितलं नव्हतं.

आजी सोफ्याच्या कडेला बसल्या होत्या, नऊवारीत, पदराने मान पुसत. मी गुडघ्यावर बसून मनगट धरलं. हात गार, ओला. आणि मी तोंड उघडायच्या आत त्या स्वतःशीच पुटपुटल्या, "जीव घाबरायलाय गं माय. कसंतरीच व्हायलंय."

तिथेच मला कळलं. नातवाने 'जीव घाबरतोय'चं 'घाबरलीय' केलं होतं. शब्द तोच, पण आजार हरवला. जीव घाबरणं म्हणजे भीती नव्हे. आपल्याकडे बायका हे कशाकशाला म्हणतात ते मी लहानपणापासून ऐकलंय: उन्हाने, उपासाने, रक्तदाबाने, आणि कधीकधी हृदयाने. मधुमेह असलेल्या म्हाताऱ्या बाईला हार्ट अ‍ॅटॅक येतो तेव्हा छातीत दुखेलच असं नसतं. घाम, मळमळ, दम, आणि हे 'कसंतरी'. तेवढंच असतं.

"आजी, साखरेची गोळी घेता का?"

त्या दचकून माझ्याकडे बघायला लागल्या. हेल्मेट काढलेलं, निळा गणवेश, छातीवर इंग्रजीत आडनाव. "मराठी हायस व्हय? कुठली गं तू?"

"सांगलीकडची. सांगा ना, साखर आहे का?"

"पंधरा वर्षं झाली."

नाडी ४८. रक्तदाब ९२ वर ५८. मी कॅप्टनकडे बघितलं, त्याने लगेच रेडिओवर रुग्णवाहिकेला कोड ३ करायला, म्हणजे दिवे-सायरन लावून यायला सांगितलं. मी बारा लीडचा, म्हणजे हृदयाकडे बारा कोनांतून बघणारा, इसीजी लावला. पदर सरकवायचा होता, म्हणून दोघा पुरुषांना पाठ फिरवायला लावली, नातवाला पाणी आणायच्या निमित्ताने आत पाठवलं. पट्टी निघाली. दुसरी, तिसरी आणि एव्हीएफ, तिन्ही लीडमध्ये रेषा वर उचललेली. हृदयाच्या खालच्या भिंतीचा अ‍ॅटॅक. एक लीड छातीच्या उजव्या बाजूला लावून पुन्हा पाहिलं. तिथेही उचललेली.

तेवढ्यात शेजारच्या काकू धावत आल्या, हातात सॉर्बिट्रेटची, हृदयाच्या दुखण्यावरच्या गोळ्यांची, पट्टी. "ही जिभेखाली ठेवू का? आमच्या ह्यांना ठेवतो." त्यांचा हात जवळजवळ आजींच्या तोंडाशी गेला होता. मी तो धरला. "काकू, आत्ता नको. यांचा रक्तदाब आधीच खाली आहे, हृदयाची उजवी बाजू अडकलीय. ही गोळी दिली तर तो अजून कोसळेल." त्या बिचाऱ्या पांढऱ्या पडल्या. त्यांची चूक नव्हती, पुष्कळ जणांना ती गोळी उपयोगी पडते. पण आजींना त्या क्षणी ती महागात पडली असती.

मी अ‍ॅस्पिरिन काढलं. ८१ मिलिग्रॅमच्या चार गोळ्या, तळहातावर ठेवल्या. "आजी, या चावून खायच्या. गिळायच्या नाहीत, चावायच्या."

त्यांनी ओठ घट्ट मिटले. "आज संकष्टी हाय माझी. चंद्र निघूस्तोवर काही नाही."

माझ्या आयुष्यातल्या कुठल्याही परीक्षेत हा प्रश्न आला नव्हता. इंजिनिअर पाय बदलत विचारतोय, नको का म्हणतायत त्या? मी म्हटलं, "आजी, औषधाने उपास मोडत नाही. माझी आई चतुर्थीला थायरॉइडची गोळी घेते."

"खरं?"

"गणपतीसमोर खोटं बोलेन का?"

त्यांनी समईकडे पाहिलं, हात जोडले आणि चारही गोळ्या एकदम तोंडात टाकल्या. चावताना तोंड वाकडं केलं. गोळ्या संत्र्याच्या चवीच्या असतात. म्हणाल्या, "आंबट हायत."

शिरेत सुई घातली, सलाइन चालू केलं, इसीजी रुग्णालयाला पाठवला. घरात शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत अकरा मिनिटं. कॅप्टनने मला विचारलं नाही, नुसती मान हलवली, आणि मी स्ट्रेचरच्या पाठोपाठ रुग्णवाहिकेत चढले. बंब मागे येत राहिला. वाटेत त्यांना बोलतं ठेवलं. गाव लातूरजवळ, मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या, परतीचं तिकीट दिवाळीनंतरचं. मध्येच नाडी ४० वर गेली, मी अ‍ॅट्रोपिन, नाडी वाढवायचं औषध, हातात घेऊन बसले, मग ती आपोआप वर आली. दाराशी कॅथलॅबची, म्हणजे बंद धमनी उघडतात त्या विभागाची, माणसं उभीच होती. आत नेताना त्या मला म्हणाल्या, "चंद्र निघाला का बघ गं." अजून निघाला नव्हता.

उजवी धमनी पूर्ण बंद होती, स्टेंट घातला, असं शुक्रवारी तिथल्या नर्सने सांगितलं. शुद्धीत आहेत, जेवल्या. हे असं कळणं रोज होत नाही. बहुतेक वर्द्या बाबांच्या टेम्पोसारख्याच असतात, दार बंद झालं की संपल्या.

आगीचं थोडक्यात. शुक्रवारी पहाटे सव्वातीन, गॅरेजमधला कपड्यांचा ड्रायर. आत साचलेल्या कापसाने पेट घेतला होता. धूर खूप, आग लहान. बीए सेट, म्हणजे श्वासासाठी हवेची टाकी, पाठीवर चढवून आत गेले तेव्हा खांद्यावर ते ओझं आलं आणि बरं वाटलं, खरंच. आगीत काय करायचं ते स्वच्छ असतं: पाणी कुठे मारायचं, हवा किती उरली. परतल्यावर मात्र सगळं साबणाने, ब्रशने, तिथेच रस्त्यावर धुतलं, कोट पिशवीत बंद. बाबा काजळीने माखलेले तसेच घरी यायचे, आणि मी त्या वासाकडे धावत जायचे. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने आमचं कामच कर्करोग नक्की करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात घातलं. आता मी स्टेशनवर आंघोळ केल्याशिवाय पोरांना जवळ घेत नाही, आणि घरी पुन्हा करते.

आज सकाळी ड्यूटी सुटताना कॅप्टनने थांबवलं. म्हणाला, तो शब्द आम्हाला लिहून दे. मी फळ्यावर लिहून दिला, इंग्रजी अक्षरांत. त्याने दोनदा म्हणून पाहिलं, 'जीव' त्याला जमला, 'घाबरतोय' नाही. मग म्हणाला, असे अजून असतील ना? यादी कर, डिस्पॅचला पण पाठवू. इथे आसपास मराठी, तेलुगू, पंजाबी, किती आजीआजोबा मुलांकडे येऊन राहतात. फोन नातवंडं करतात. त्यांना इंग्रजी उत्तम येतं, म्हणून कुणी दुभाषा मागवत नाही.

तर मघापासून ती यादी करतेय. डाव्या बाजूला आपला शब्द, उजव्या बाजूला काय तपासायचं ते. कसंतरी होतंय. डोळ्यांपुढे अंधारी आली. पोटात ढवळतंय. गॅस वर चढलाय, याच्यापुढे मी लाल पेनने 'इसीजी काढाच' असं लिहिलं. हातापायातलं बळ गेलं. अंगात कणकण आहे. छातीवर कुणीतरी बसलंय. जीभ जड झालीय.

बाबांना फोन लावला. तिथे रात्रीचे तीन, पण त्यांची झोप आता अशीच असते, पहिल्या रिंगला उचलतात. त्यांना आजींचं सगळं सांगितलं, सलाइनपासून संकष्टीपर्यंत. नऊवारीचं ऐकून हसले. मग मी यादी वाचून दाखवली. त्यांनी दोन शब्द भर घातले: धाप लागली, आणि घशाशी आलंय. मी लिहिले.

फोन ठेवायच्या आधी ते गप्प झाले. मला वाटलं लाइन गेली.

"अजून एक लिही," म्हणाले. "जरा पडते."

मी विचारलं, म्हणजे?

"तुझी आजी तेवढंच म्हणाली होती. दुपारची वेळ. मी घरीच होतो, ड्यूटीवर निघायचं होतं. 'तू जा, मी जरा पडते.' मी चादर घातली अंगावर आणि गेलो."

डाव्या बाजूला लिहिलंय. उजवी बाजू अजून कोरी आहे.