सणांचा पैसा आणि पंचांगाचा हिशेब

दिवाळी सरली की व्यापारी संघटनांचे आकडे वर्तमानपत्रांत झळकू लागतात. २०२५ च्या दिवाळीत देशभरात सुमारे ६.०५ लाख कोटी रुपयांची उलाढाल झाली, असा अंदाज ‘कॅट’ या व्यापाऱ्यांच्या महासंघाने जाहीर केला आणि पुढे बरेच दिवस तो सणांनी अर्थव्यवस्थेला दिलेल्या चालनेचा पुरावा म्हणून फिरत राहिला. माझी नोकरीची बरीच वर्षे रायगड जिल्ह्यातील एका सहकारी बँकेच्या कर्ज विभागात गेल्यामुळे असा आकडा वाचला की माझ्या मनात दोनच प्रश्न येतात. ही उलाढाल आहे की उत्पन्न? आणि यातली किती खरेदी सण नसता तरीही झालीच असती?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. दुकानात दोन हजारांना विकल्या गेलेल्या साडीत दुकानदाराची कमाई काही शे रुपयांची असते. बाकीचे मूल्य सुरतेच्या यंत्रमागावर आणि रंगाईत उन्हाळ्यातच तयार होऊन त्या वेळच्या उत्पन्नात मोजले गेलेले असते. दूरचित्रवाणी संचाच्या किमतीतला मोठा भाग तर परदेशातून आलेल्या सुट्या भागांचा असतो. तेव्हा विक्रीचा आकडा जसाच्या तसा राष्ट्रीय उत्पन्नाच्या खात्यात घालता येत नाही.

दुसरा प्रश्न अधिक अवघड, पण २०२५ साली सरकारनेच त्याची चाचणी घेतल्यासारखे झाले. वस्तू व सेवा करात मोठी कपात होणार, हे पंतप्रधानांनी १५ ऑगस्टला जाहीर केले आणि नवे दर लागू झाले ते २२ सप्टेंबरला, म्हणजे घटस्थापनेच्या दिवशी. छोट्या मोटारी, वातानुकूलन यंत्रे आणि मोठे टीव्ही २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आले. मधल्या पाच आठवड्यांत गणेशोत्सव होता, तरीही अनेकांनी गाडीची खरेदी पुढे ढकलली आणि नवरात्र उजाडताच वितरकांच्या दारात गर्दी केली. त्यातला काही भाग स्वस्ताईमुळे आलेल्या नव्या मागणीचा होता हे खरे; परंतु बराचसा भाग आधीच ठरलेल्या खरेदीचा होता, ती फक्त चतुर्थीवरून घटस्थापनेवर सरकली होती. आपल्याकडे एरवीही हेच चालते. जूनमध्ये कुरकुर करू लागलेले कपडे धुण्याचे यंत्र दसऱ्यापर्यंत रेटले जाते, आणि दसऱ्याला नवे यंत्र आले की त्याची नोंद सणाच्या खात्यावर होते.

मग सणांचा अर्थव्यवस्थेला उपयोग नाही का? आहे, आणि मोठा आहे, पण माझ्या मते तो एकूण बेरजेत शोधण्यापेक्षा पैसा कोणाकडून निघून कोणाकडे पोहोचतो यात शोधावा. देशाच्या सकल उत्पन्नात घरगुती खर्चाचा वाटा सुमारे ६० टक्के आहे, आणि सण हा त्या खर्चाची दिशा थोडीशी वळवणारा आपल्याकडचा सर्वांत जुना मार्ग आहे.

रायगडमधल्या पेण, हमरापूर, जोहे या पट्ट्यात गणपती घडवण्याच्या जागेला कारखानाच म्हणतात, मग ती घराची पडवी का असेना. विसर्जनानंतर थोडी उसंत मिळाली की पुढच्या वर्षाचे काम सुरू होते. शाडू गुजरातेतून येतो, प्लास्टर राजस्थानातून. परदेशी जाणाऱ्या मूर्ती कित्येक महिने आधी जहाजाने रवाना कराव्या लागतात. अशा कारखान्याच्या कॅश क्रेडिट खात्याचा, म्हणजे ठरलेल्या मर्यादेपर्यंत लागेल तसे उचलायच्या आणि भरायच्या कर्जाचा, उतारा पाहिला की सणाच्या अर्थकारणाचा सारा आराखडा एका कागदावर दिसतो. दिवाळीनंतर उचल वाढू लागते. काही जण रंग न दिलेल्या कच्च्या मूर्ती घाऊक विकून मधेच थोडा भरणा करतात. आषाढात खाते मर्यादेला भिडते, कारण मजुरी दर आठवड्याला द्यावी लागते आणि डोळ्यांची आखणी करणारा हातखंडा कारागीर आगाऊ रक्कम घेतल्याशिवाय येत नाही. श्रावणात बयाणे जमू लागतात आणि चतुर्थीच्या आधीच्या चार-सहा दिवसांत खात्यात एकदम पैसा येतो.

बँकेच्या दृष्टीने या व्यवहारातली खरी गोम तारणात आहे. कापडाचा न खपलेला माल पुढच्या वर्षी सवलतीत विकता येतो, धान्य गोदामात राहते, परंतु गणपतीची मूर्ती चतुर्थीच्या सायंकाळी तारण म्हणून जवळजवळ शून्य किमतीची होते. ती पुढच्या वर्षापर्यंत ठेवायची तर जागा हवी, रंग पुन्हा द्यायला हवा आणि तोवर गिऱ्हाइकाची आवडही बदललेली असते. म्हणूनच बँकांचा हात आखडतो आणि उरलेली गरज पतसंस्था किंवा खासगी सावकार भागवतात, अर्थातच चढ्या व्याजाने. सणामुळे निर्माण झालेल्या मूल्यातला एक हिस्सा अशा रीतीने माती मळणाऱ्याच्या हाती न लागता व्याजात जातो, आणि उलाढालीच्या कोणत्याही आकड्यात तो वेगळा दिसत नाही. त्यातच धोरणाची अनिश्चितता. जानेवारी २०२५ च्या अखेरीस मुंबई उच्च न्यायालयाने प्लास्टरच्या मूर्तींवरील बंदी काटेकोरपणे राबवण्यास सांगितले आणि जूनमध्ये त्या बनवण्या-विकण्यास मुभा दिली. मधले चार महिने, म्हणजे ऐन कामाचे दिवस, माल विकता येईल की नाही हे ठाऊक नसताना लोकांनी काढले. त्याच जुलैमध्ये राज्य सरकारने गणेशोत्सवाला राज्य महोत्सवाचा दर्जा दिला. तो द्यायलाच हवा होता, पण कारखानदाराला त्याहून अधिक गरज होती ती हंगाम सुरू होतानाच नियम पक्के असण्याची.

इतके असूनही, या पट्ट्यात वर्षभर जो रोजगार चालतो तो सणाविना चाललाच नसता, हे निर्विवाद आहे. इथे खर्च पुढे-मागे झालेला नसून नवे काम उभे राहिले आहे.

कोकणातल्या गावांचेही तसेच. २०२५ च्या गणपतीत रेल्वेने विशेष गाड्यांच्या ३८० फेऱ्या जाहीर केल्या होत्या. एसटीच्या जादा गाड्या आणि खासगी वाहने वेगळीच. चाकरमानी गावी येतो तो मुंबई-ठाण्याचा पगार घेऊन. घराची डागडुजी, भटजींची दक्षिणा, भजनाच्या बारीला चहा-उसळ, शेजारच्या बाईकडून घेतलेले नारळ अशा बारीक वाटांनी तो पैसा गावात मुरतो. सिंधुदुर्गातल्या चतुर्थीच्या बाजारात माटवीचे, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या सजावटीच्या चौकटीचे, सामान घेऊन बसलेल्या बायका पाहाव्यात: कवंडळे, हरणांची फुले, शेरवड, तेरडा, सुपारीची शिपटी. या रानातल्या मालाला एरवी कोणी विचारत नाही, त्याला भांडवल लागत नाही, फक्त पहाटे उठून डोंगर चढण्याचे कष्ट लागतात. दोन-तीन दिवसांच्या या विक्रीतून मुलांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च निघतो, आणि हा व्यवहार राष्ट्रीय उत्पन्नाच्या मोजमापात कितपत पकडला जातो याची मला शंकाच आहे.

या प्रवाहाला दरवर्षी पाणी पुरवतो तो बोनस. मुंबईच्या गिरण्यांत पहिल्या महायुद्धाच्या काळात तो मिळू लागला आणि १९२४ साली मालकांनी नाकारताच सुमारे दीड लाख कामगार संपावर गेले. तो संप फसला, पण मागणी मागे पडली नाही, आणि १९६५ च्या कायद्याने किमान बोनस हक्काचा झाला; त्याचा दर आधी ४ टक्के होता, तो पुढे ८.३३ टक्के झाला. रेल्वेने २०२५ मध्ये दसऱ्यापूर्वी १०.९१ लाख कर्मचाऱ्यांना ७८ दिवसांच्या बोनसपोटी सुमारे १,८६६ कोटी रुपये दिले. ही रक्कम वर्षभर थोडी थोडी दिली असती तर दूध-किराण्यात विरून गेली असती. एकरकमी मिळाल्यामुळे तिचे कपाट होते, शिलाई यंत्र होते किंवा सावकाराचे देणे फिटते.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. ऑक्टोबर २०२५ मध्ये भारताने १४.७२ अब्ज डॉलरचे सोने आयात केले, आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरच्या जवळजवळ तिप्पट, आणि त्या महिन्याची व्यापारी तूट ४१.६८ अब्ज डॉलरच्या विक्रमावर गेली. त्यात वाढलेल्या भावाचा आणि गुंतवणुकीचाही वाटा होता, पण धनत्रयोदशीला सराफाकडे दिलेल्या पैशातून देशात राहते ती मुख्यतः घडणावळ आणि सराफाचा नफा. झेंडूला दिलेला रुपया मात्र इथेच राहतो, फक्त कोणाच्या खिशात, हे पाऊस ठरवतो. दसरा-दिवाळी साधायची म्हणून दोन-अडीच महिने आधी लावलेला झेंडू तोडणीच्या आठवड्यात भिजला की शेतकऱ्याला काळ्या पडलेल्या फुलाचा भाव मिळतो आणि गिऱ्हाइकाला कोरड्या फुलासाठी दुप्पट दाम मोजावे लागतात.

सणांचा परिणाम मोजताना सर्वांत मोठा घोळ घालते ते पंचांग. कारखान्यांना सुट्ट्या असल्यामुळे ज्या महिन्यात खप वाढतो त्याच महिन्यात उत्पादन मंदावते: ऑक्टोबर २०२५ मध्ये औद्योगिक उत्पादनाची वाढ अवघी ०.४ टक्के दिसली आणि दसरा, दिवाळी व छठमुळे कामाचे दिवस कमी भरल्याचे कारण खुद्द सांख्यिकी मंत्रालयाने दिले. त्याहून मोठा फरक तिथींच्या सरकण्याने पडतो. २०२५ चे नवरात्र जवळजवळ सगळे सप्टेंबरात, म्हणजे आर्थिक वर्षाच्या दुसऱ्या तिमाहीत होते. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळे ते ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू होते आणि लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला येते. याचा अर्थ असा, की लोकांनी गेल्या वर्षीइतकाच खर्च केला तरी सप्टेंबर २०२६ चे विक्रीचे आकडे पडलेले दिसतील, नोव्हेंबरचे उसळलेले दिसतील, आणि दोन्ही वेळा त्यावर अग्रलेख लिहिले जातील.

पेणच्या कारखान्यात या अधिक महिन्याचा हिशेब निराळा लागतो. २०२४ ची चतुर्थी ७ सप्टेंबरला आणि २०२५ ची २७ ऑगस्टला होती, म्हणजे दोन हंगामांत ३५४ दिवसांचे अंतर होते. २०२६ ची चतुर्थी १४ सप्टेंबरला असल्याने ते ३८३ दिवसांचे झाले आहे. मूर्ती वाळायला आणि रंगवायला जवळजवळ महिनाभर जास्त मिळतो, आणि उचललेल्या कर्जावर व्याजही तितकेच दिवस जास्त चढते.