जॉनी कॅश, नोंद तिसरी : तारांतला कागद आणि आईची स्तोत्रे

या महिन्यात अमेरिकी कंट्री गायक जॉनी कॅशचे १९५६ सालचे 'आय वॉक द लाइन' हे एकच गाणे गिटारवर हाती घेतले होते. मेम्फिसच्या सन स्टुडिओतल्या त्या ध्वनिमुद्रणात ड्रम नाही, तरीही स्नेअर ड्रमसारखी जी कोरडी चरचर ऐकू येते, ती कॅशने गिटारच्या तारांत घडी घातलेला कागद अडकवून काढली होती. मी आधी लग्नपत्रिकेची पट्टी ओवून पाहिली, तेव्हा तारा पार मुक्या झाल्या. मग दिनदर्शिकेचे मागच्या महिन्याचे पान दुहेरी दुमडून ते ब्रिजपासून (तारा गिटारच्या पेटीवर टेकतात ती पट्टी) चार बोटांवर सरकवले आणि पहिल्यांदाच हवा तो आवाज निघाला.

खरी परीक्षा सुरांच्या पट्टीची आहे. पहिल्या पडद्यावर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावून मी कडवी ई, ए, डी, पुन्हा ए आणि शेवटी ई अशी वाजवतो. पट्टी बदलताना कॅश पुढचा सूर पकडण्यासाठी आधी गुणगुणतो आणि अखेरचे कडवे पहिल्याच्या एक सप्तक खाली गातो. तेवढा खर्ज माझ्या गळ्यात नसल्यामुळे तिथे मी गिटारवर वेळ मारून नेतो.

सराव थांबला की त्याची भक्तिगीते ऐकत होतो, आणि त्यातून या साध्या ठेक्याचा उगम थोडा उमगला. १९३२ साली आर्कान्सामध्ये जन्मलेला हा मुलगा डायस वसाहतीत कापूस वेचत, आईची स्तोत्रे आणि रेडिओवर जिमी रॉजर्स, कार्टर कुटुंब यांची गाणी ऐकत वाढला. धर्मोपदेशक होण्याची इच्छा बाळगणारा त्याचा थोरला भाऊ जॅक १९४४ साली यांत्रिक करवतीच्या अपघातात गेला, तेव्हा जॉनी १२ वर्षांचा होता. पुढे सन स्टुडिओचा मालक सॅम फिलिप्स याच्याकडे तो भक्तिगीते घेऊन गेला, पण ती खपणार नाहीत म्हणून त्याला दुसरे काही लिहून आणायला सांगण्यात आले. कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीकडे गेल्यावर १९५९ साली त्याने स्तोत्रांचा अल्बम काढलाच. मधल्या वर्षांत उत्तेजक गोळ्यांचे व्यसनही होते, त्यामुळे त्याची श्रद्धा सरळ रेषेत चालली असे म्हणवत नाही. मला तरी ती १९६८च्या फॉल्सम तुरुंगातील कार्यक्रमात सर्वांत खरी वाटते, कारण तिथल्या चॅपलविषयी, म्हणजे प्रार्थनागृहाविषयी, एका कैद्याने, ग्लेन शर्लीने, लिहिलेले गाणे त्याने आदल्या रात्री बसवले आणि दुसऱ्या दिवशी शर्ली समोर बसलेला असताना गायले.

सध्या मात्र 'माय मदर्स हिम बुक' हा अल्बम पुन्हापुन्हा लावतो आहे. आईच्या जुन्या स्तोत्रपुस्तकातील ही गाणी त्याने शेवटच्या काळात केवळ आवाज आणि गिटार यांवर गायली, आणि हा आपला सर्वांत आवडता अल्बम असल्याचे त्याने सांगितले होते. श्वास अपुरा पडतो तिथेही ठेका ढळत नाही. माझा ढळतो, विशेषतः सी कॉर्डवरून एफ कॉर्ड धरताना.

म्हणून पुढचा महिना त्यातल्या एका स्तोत्रासाठी राखला आहे. कॅशची सासू मेबेल कार्टर वाजवत असे तशी, अंगठ्याने खर्जाच्या तारांवर चाल आणि बोटांनी वरच्या तारांवर फटका, ही पद्धत त्यावर बसवून पाहायची आहे. ठेका मोजणारा मेट्रोनोम मिनिटाला ६० ठोक्यांवर ठेवला आहे. अंगठा अजून तीनदा चुकल्याशिवाय कडवे संपत नाही.