इंजिन गर्जतंय, पण पाय उचलत नाही

माती ठोकून दाबणारं रॅमर मशीन चालवणाऱ्या दादांची तक्रार एका वाक्यात संपली होती: "इंजिन गर्जतंय, पण पाय उचलत नाही." फोर-स्ट्रोक इंजिनाचं, 65-70 किलोंचं मशीन. एरवी मिनिटाला 600-700 ठोके मारतं. त्या दिवशी चरात जागच्या जागी थरथरत उभं होतं. माती दबायचं नाव नाही, धूळ मात्र भरपूर.

खालचा भाग बघावा म्हणून मी ते आडवं केलं आणि तसंच रात्रभर ठेवलं. कुठल्या कुशीवर आडवं करायचं, याचाही नियम असतो हे तेव्हा ठाऊक नव्हतं. माझ्या मशीनचा एअर फिल्टर आणि कार्बोरेटर नेमके खाली आले. पेट्रोलचा कॉकही उघडाच. सकाळी स्टार्टरची दोरी ओढली तर चार बोटंही सरकेना. इंजिन जाम झालं असं वाटून पोटात गोळा आला. जोर लावायच्या आधी सुदैवाने प्लग काढायची बुद्धी झाली. प्लग काढून दोरी हळूच ओढली आणि भोकातून काळ्या ऑइलची पिचकारी थेट माझ्या बाहीवर. क्रँककेसमधलं ऑइल रात्रीत सिलिंडरमध्ये उतरलं होतं, आणि ऑइल दाबलं जात नाही, त्यामुळे पिस्टन अडला होता. तशात दोरी झटक्याने ओढली असती तर कनेक्टिंग रॉडवरच बेतलं असतं. फिल्टरचा कागदही ऑइलने चिंब झालेला. म्हणजे बदललेला पहिला पार्ट माझ्याच कर्तृत्वाचा.

मग क्लचकडे वळलो. रॅमरचा क्लच सेंट्रिफ्युगल असतो. इंजिनाचा वेग वाढला की आतले शू बाहेर फेकले जातात, ड्रमला धरतात आणि गिअर फिरतो. कव्हर उघडल्यावर जळकट वास आला. ऑइल कुठे गळलेलं नव्हतं, शूंवरचं घासणारं लायनिंगही अगदी संपलेलं नव्हतं, पण त्याचा पृष्ठभाग आरशासारखा चकचकीत झाला होता. हे होतं थ्रॉटल अर्धवट ठेवल्याने. शू पूर्ण धरतही नाहीत, पूर्ण सोडतही नाहीत, नुसते घासत राहतात. रॅमरला दोनच स्थिती मानवतात, आयडल किंवा फुल, आणि लिव्हर एका हालचालीत पुढे सारायचा. पॉलिश पेपरने घासून आणखी काही दिवस काढता आले असते. मी शू आणि स्प्रिंगा दोन्ही बदलले. नट सोडताना क्रँक फिरू नये म्हणून प्लगच्या भोकात स्क्रूड्रायव्हर अडकवणारे पाहिले आहेत. त्याने पिस्टनला खड्डा पडतो. स्वच्छ सुती दोरीचं टोक बाहेर ठेवून बाकीची आत सोडली की पिस्टन तिच्यावर अलगद टेकतो.

मशीन आडवं असतानाच पायाभोवतीच्या रबरी भात्याची घडी बोटाने उलगडली होती. वरून धड दिसणाऱ्या भात्यात खोल घडीत बोटभर चीर होती, कडेला ऑइलने माखलेली माती. चीर पडली की ऑइल बाहेर आणि धूळ आत, त्यामुळे हे काम लांबणीवर टाकण्यासारखं नव्हतंच. पायातलं ऑइल काढलं, बुटाचे, म्हणजे जमिनीवर आपटणाऱ्या तळपट्टीचे, नट सोडले, दोन्ही क्लॅम्प ढिले केले आणि जुना भाता खाली ओढला. नवा चढवताना कडेला थोडं ऑइल लावलं, क्लॅम्प पिळ न पडता बसतोय का ते दोनदा पाहिलं. आतल्या स्प्रिंगांच्या सिलिंडरचं झाकण मात्र उघडलं नाही. त्या स्प्रिंगा दाबून बसवलेल्या असतात. लांब बोल्ट लावून, समोरासमोरचे थोडे थोडे सोडत उतरवायचं ते काम आहे. ते जाणकाराचं.

सगळं जोडलं, चालू केलं, तीन-चार मिनिटं आयडलवर तापू दिलं आणि फुल थ्रॉटल दिला. उडालं, पण म्हाताऱ्यासारखं. क्लच नवा, भाता नवा, मग अडलं कुठे? पायातलं ऑइल मी "असू दे चांगलं" म्हणून पातळी दाखवणाऱ्या काचेच्या वरपर्यंत भरलं होतं. जास्तीच्या ऑइलमुळे पाय आतून जड होतो. पुस्तिकेत सांगितलेल्या स्थितीत मशीन ठेवून पातळी काचेतल्या खुणेवर आणली, तेव्हा त्याची उडी परत आली. इंजिनाचं ऑइल वेगळं, त्याची पातळी वेगळी, आणि तीही इंजिन सरळ असतानाच बघायची. रॅमर पुढे कलून उभा राहतो, त्या अवस्थेत मोजलेलं खोटंच निघतं.

मुळात अर्ध्या थ्रॉटलवर का चालवत होते, हे दादांना शेवटी विचारलं. रागावूनच विचारलं, खरं तर. त्यांनी काही न बोलता हँडल धरून हलवून दाखवलं. हँडल आणि बॉडीमधली दोन रबरं तडकून अर्धी सुटली होती. फुल थ्रॉटलला सगळा हादरा थेट मनगटात जायचा, संध्याकाळी बोटं बधिर व्हायची. म्हणून ते वेग कमी ठेवायचे. क्लचवर मी एवढा जीव काढला आणि खरं दुखणं दोन हातांच्या मध्येच होतं. रबरं बदलायला वीस मिनिटंही लागली नाहीत. जोडीने बदलायची, एकच नवं लावलं तर हँडल तिरकं ओढतं.

काम सुरू झाल्यावर 5 तासांनी मशीन थांबवून बुटाचे नट पुन्हा पाहिले. चारपैकी एक पाव फेरा फिरला. दादा तोवर पाणी पिऊन आले होते, त्यांनी दोरी ओढली आणि लिव्हर एका दमात पुढे सारला.