पुढच्या तीन महिन्यांचा तक्ता

रविवार, रात्री

वाचनालयात पुढच्या तीन महिन्यांच्या कार्यक्रमांचा तक्ता आज लागला. मी कार्यक्रम समितीत आहे, त्यामुळे त्यात मला नवं असं काही नव्हतं. तरी महिनाभर तोंडी चाललेलं सगळं एका कागदावर आलं की जरा धडकीच भरते. लेखकभेटी, एक व्याख्यान, कवितावाचन, जुन्या पुस्तकांची विक्री ही नेहमीची मंडळी. त्यांची काळजी नाही. वक्ता बरा निघाला की ती पार पडतात.

माझं लक्ष आहे ते नव्या गोष्टींकडे.

शनिवारची गोष्ट तशी जुनीच, पण या वेळी तिची रीत बदलतोय. वयोगट तीन ते सहा, वेळ अर्धा तास. आतापर्यंत सांगणारे आवाज काढून, हातवारे करून सांगायचे, मुलं गप्प बसून ऐकायची आणि पालक खूश असायचे. आता मुलांना गप्प बसवायचं नाही. पान उलटण्याआधी थांबायचं, ‘आता काय होईल?’ विचारायचं आणि उत्तराची खरोखर वाट बघायची. यामागे अभ्यास आहे. 1988 साली ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट या मानसशास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन-अडीच वर्षांच्या मुलांच्या काही पालकांना असंच वाचायला शिकवलं होतं, बाकीच्यांना नाही. वाचून दाखवणं दोन्ही गटांत सुरू होतं, पण ज्या घरांत मुलांना बोलतं केलं जात होतं, तिथली मुलं महिनाभरातच बोलण्यात पुढे गेली.

अर्थात, अशाने गोष्ट भरकटते. मागे एकदा करून पाहिलं तेव्हा पुस्तकातला हत्ती नदी ओलांडायला निघाला होता. एका मुलीने विचारलं, ‘हा पोहायला कुठे शिकला?’ झालं. उरलेला सगळा वेळ हत्तीच्या पोहण्याच्या वर्गात गेला. त्याला शिकवणार कोण, त्याच्या मापाचा चष्मा कुठे मिळणार, सोंड बुडाली तर काय... पुस्तक अर्ध्यावरच राहिलं. एका आजींना ते मुळीच पटलं नाही. ‘गोष्ट पुरी करायची असते हो,’ म्हणाल्या. मला मात्र असा भरकटलेला अर्धा तास हवाच आहे. अडचण एवढीच की सगळ्याच सांगणाऱ्यांना तो झेपत नाही. पाठ करून आलेला माणूस मधल्या प्रश्नाने बिथरतो.

दुसरं म्हणजे ज्येष्ठांसाठी फोनची शिकवणी. यावरून समितीत चांगलीच जुंपली. एक काका म्हणाले, ‘वाचनालयात पुस्तकं सोडून फोन कशाला? त्याला दुकानं आहेत.’ काकांचा राग मला कळतो. पण युनेस्को आणि आंतरराष्ट्रीय ग्रंथालय महासंघाचा सार्वजनिक ग्रंथालयांचा जाहीरनामा 1949 पासून आहे, आणि 2022 मध्ये तो नव्याने लिहिला तेव्हा डिजिटल साक्षरता त्यात स्पष्टपणे आली. ज्यांना अर्ज भरता येत नाही, निरोप वाचता येत नाही, त्यांच्यासाठी हेही वाचायला शिकणंच आहे. काकांना जाहीरनामा सांगून उपयोग नव्हता, म्हणून मी त्यांना शिकवायलाच बोलावलं. ते अजून ‘बघू’वर आहेत.

या शिकवणीचा नियम एकच, पण पाळायला कठीण: शिकवणाऱ्याने समोरच्याच्या फोनला हात लावायचा नाही. आपण चटकन घेतो, चार ठिकाणी टकटक करतो, ‘हे बघा झालं’ म्हणून परत देतो आणि समोरचा होता तिथेच राहतो. त्यापेक्षा हात मांडीवर ठेवायचे आणि तोंडाने सांगायचं. मागे एकदा करून पाहिलं तेव्हा एक आजोबा आले होते. बोट काचेवर इतका वेळ दाबून धरायचे की फोनला वाटायचं, यांना चिन्हं हलवायची आहेत. चिन्हं थरथरायला लागली की आजोबा घाबरून बोट आणखी दाबायचे. त्यांना सांगितलं, दारावर टकटक केल्यासारखं करा, बेल दाबल्यासारखं नको. जमलं! मग अक्षरं मोठी केली आणि ओटीपी कुणालाही सांगायचा नाही हे त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतलं. जाताना त्यांनी मोठ्या टायपाची पुस्तकं कुठे ठेवता ते विचारलं. काकांना हे सांगायला हवं होतं, बैठकीत नेमकं आठवलं नाही.

मूक वाचनाची संध्याकाळही आहे. आपापलं पुस्तक घेऊन यायचं, तासभर वाचायचं, नंतर बोललात तर बोललात. ना प्रास्ताविक, ना आभार. मला एवढ्यासाठीच ती आवडते.

आणि मानवी ग्रंथालय. याची सुरुवात 2000 साली डेन्मार्कमध्ये, रॉस्किल्डच्या महोत्सवात झाली, आता ते बऱ्याच देशांत भरतं. पुस्तकाऐवजी माणूस वाचायला घ्यायचा. लोक ज्यांच्याबद्दल परस्पर मत बनवून मोकळे होतात, अशी माणसं ‘पुस्तक’ म्हणून बसतात आणि वाचक त्यांना समोरासमोर प्रश्न विचारतो. कुठलाही प्रश्न चालतो, पण उत्तर द्यायचं की नाही हे पुस्तकाने ठरवायचं. आणि पुस्तक घेतलं तसंच, धड परत करायचं.

ही शेवटची अट वाचताना गंमत वाटते, पण आमचं सगळं घोडं तिथेच अडलंय. दारू सोडलेले एक गृहस्थ तयार आहेत, जन्मापासून दृष्टी नसलेल्या एक ताई तयार आहेत. त्या दोघांना भेटून मी आले. ताईंनी लगेच विचारलं, ‘लोक मला प्रश्न विचारणार की माझ्याकडे बघून हळहळणार?’ मी गप्प. मग त्यांनीच तोडगा सांगितला: पहिला प्रश्न त्या वाचकाला विचारणार. छान आहे. आता तो सगळ्याच टेबलांना लावावा असा माझा आग्रह आहे. शिवाय एका वेळी एकच वाचक, फार तर दोन. घोळका जमला की त्याचं व्याख्यान होतं आणि फोटो काढणारे येतात. फोटो बंद ठेवायला ग्रंथपाल बाईंनी आनंदाने होकार दिला. अहवालात काय चिकटवायचं, एवढाच त्यांचा प्रश्न.

खरी हुज्जत झाली ती काउंटरच्या वेळेवरून. आमची व्याख्यानं संपतात आणि देवघेव बंद होते, दोन्ही एकाच वेळी. वक्ता तासभर एखाद्या विषयाची भूक लावतो, माणसं उत्साहात बाहेर येतात आणि समोर काय, तर झाकलेला संगणक. दुसऱ्या दिवशी मुद्दाम कोण येणार? रंगनाथन यांनी 1931 साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, त्यांतला तिसरा प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा असा आहे. तो वाचक सभागृहाच्या दारात उभा असताना आपण दिवे मालवतो! आमच्या वहीत उपस्थितीचा आकडा असतो, त्या संध्याकाळी पुस्तकं किती गेली याचा रकाना नाही. खुर्च्या भरल्या म्हणजे कार्यक्रम झाला, असं वहीचं म्हणणं. मला ते मान्य नाही. विषयाची पुस्तकं सभागृहातच टेबलावर मांडावीत आणि काउंटर अर्धा तास जास्त उघडा ठेवावा, एवढंच माझं मागणं होतं.

टेबल मंजूर झालं. काउंटरचं अडलं, कारण कर्मचारी कमी आणि त्यांनाही घरं आहेत. हा मुद्दा खरा आहे, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. शेवटी बाई म्हणाल्या, स्वयंसेवक मिळाला तर बघू. मी हात वर केला. मंगळवारी बारकोड वाचायचं यंत्र शिकायला बोलावलंय. तक्त्यातलं व्याख्यान पुढच्या आठवड्यात आहे, त्याच्या विषयावर आमच्याकडे काय काय आहे ती यादी मात्र आज झोपायच्या आत काढायला हवी.